पूर्वपक्ष आधी: विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि धर्माभ्यास शिकायला येणाऱ्यांसाठी

तत्त्वज्ञान किंवा धर्माभ्यास घ्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, 'याचं पुढे काय करणार?' त्याकडे मी शेवटी येईन. त्याआधीचा प्रश्न कुणीच विचारत नाही, तो म्हणजे हा विषय शिकायचा म्हणजे रोज उठून नेमकं करायचं काय. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा असते, भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला डोंगर असतात. आपल्याकडे पुस्तक, वही आणि समोर वाद घालायला एक माणूस, एवढंच. ही तीन साधनं वापरायची कशी, हे पहिल्या वर्षी फारसं कुणी उलगडून सांगत नाही, आणि अनेक चांगली मुलं तिथेच कंटाळून बाजूला होतात. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या दोन्ही विषयांत एक कौशल्य सगळ्यांच्या मुळाशी आहे: आपल्याला जे पटत नाही, ते ज्याला पटतं त्याच्या तोंडून यावं तसं मांडता येणं. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांनी याला पूर्वपक्ष म्हटलं. पुढे जे सांगणार आहे, ते सगळं फिरून त्यापाशीच येतं.

प्रवेश घेण्याआधी: आपण नेमकं काय शिकणार आहोत?

तीन विषयांची कायम गल्लत होते. तत्त्वज्ञान, धर्माभ्यास आणि ईश्वरविद्या, म्हणजे ज्याला थिऑलॉजी म्हणतात ते. एकच उदाहरण घेऊ, पुनर्जन्माचं. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारेल, शरीर गेलं, आठवणी गेल्या, मग पुन्हा जन्मलेला 'तोच' कशावरून? धर्माभ्यासाचा विद्यार्थी विचारेल, ही कल्पना कोणत्या ग्रंथांत दिसू लागते, कोणत्या विधींशी जोडली जाते, आणि ती मानणारी माणसं तिच्यामुळे काय वेगळं वागतात? पुनर्जन्म खरा की खोटा, याचा निवाडा तो बाजूला ठेवतो. ईश्वरविद्या शिकणारा एका परंपरेच्या आत उभा असतो. त्या परंपरेचा ग्रंथ प्रमाण मानून, त्याचा अर्थ आज कसा लावायचा, हा त्याचा प्रश्न.

यातलं कोणतंही काम हलकं नाही, पण ती तीन वेगळी कामं आहेत. विभागाच्या नावावरून नेहमीच कळतं असं नाही, म्हणून अभ्यासक्रमाची यादी आणि जुन्या प्रश्नपत्रिका बघा. प्रश्न 'सिद्ध करा', 'परीक्षण करा' असे असतील तर तत्त्वज्ञान. 'वर्णन करा', 'तुलना करा', 'कसा बदलत गेला' असे असतील तर धर्माभ्यास.

धर्माभ्यास हा वयाने लहान विषय आहे, हेही लक्षात असू द्या. युरोपातल्या विद्यापीठांत ईश्वरविद्या शतकानुशतकं शिकवली जात होती. १८७० मध्ये मॅक्स म्युल्लर या संस्कृतच्या जर्मन अभ्यासकाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धर्मांच्या शास्त्रावर व्याख्यानं दिली. ज्याला एकच धर्म ठाऊक आहे त्याला एकही ठाऊक नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. मात्र धर्माविषयी तटस्थपणे शिकवायला हरकत नाही, असंही त्याच निकालात म्हटलं. धर्म शिकवणं आणि धर्माविषयी शिकवणं, हा तो फरक. १९६७ मध्ये निनियन स्मार्ट यांनी इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठात धर्माभ्यासाचा विभाग उभा केला. तुमच्या शिक्षकांमध्ये पद्धतीवरून जे वाद ऐकू येतील, त्यांतले बरेच विषयाच्या या कोवळ्या वयामुळे आहेत.

पहिल्या सत्रात काय घ्यावं

तर्कशास्त्र घ्याच. कोरडं वाटतं म्हणून मुलं ते पुढे ढकलतात आणि मग प्रत्येक निबंधात त्याची किंमत मोजतात. दुसरा विषय एखाद्या जुन्या मूळ ग्रंथाचा असावा. तिसरा, तुम्ही ज्या धर्मात वाढलात त्याच्या बाहेरच्या धर्माचा. आपल्याच धर्मापासून सुरुवात केली, तर जे आधीपासून माहीत आहे त्यालाच आपण अभ्यास समजून बसतो.

भाषेचा निर्णयही लवकर घ्या. बौद्ध परंपरेत रस असेल तर पाली किंवा संस्कृत, ग्रीकांमध्ये असेल तर ग्रीक, इस्लाममध्ये असेल तर अरबी. तिसऱ्या वर्षी सुरू केलेली भाषा प्रबंधाच्या कामी येत नाही.

भाषेवरून आठवलं. मराठीत विचार करणाऱ्याला इथे एक अडचण आहे, आणि तीच आपली ताकदही होऊ शकते. 'रिलिजन'ला आपण 'धर्म' म्हणतो. पण धर्म म्हणजे कर्तव्यही, आणि उष्णता हा अग्नीचा धर्म म्हणतो तेव्हा स्वभावही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तार्किक, 'धर्म' आणि 'धर्मी' म्हणतात तेव्हा गुण आणि तो धारण करणारी वस्तू असा अर्थ असतो, आणि बौद्ध ग्रंथांत 'धम्म' हा बुद्धाचा उपदेशही असतो आणि अस्तित्वाचे मूलघटकही. एका शब्दात इतकं भरलेलं असताना 'सगळ्या धर्मांत देव असतो' असं वाक्य लिहिणं धोक्याचं आहे. पहिल्या दिवसापासून एक शब्दवही ठेवा. डाव्या बाजूला शब्द, मध्ये तो कोणत्या ग्रंथात कोणत्या अर्थाने आला ते, उजवीकडे आपण रोजच्या बोलण्यात तो कसा वापरतो ते. 'प्रमाण', 'आत्मा', 'मुक्ती', 'अनुभव' हे शब्द पहिल्या महिन्यातच त्या वहीत येतील. मराठी विश्वकोशातल्या तत्त्वज्ञानाच्या नोंदी या कामाला उपयोगी पडतात. इंग्रजी वाचता येत असेल तर १९९५ पासून सुरू असलेला स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यातल्या नोंदी त्या त्या विषयाच्या अभ्यासकांनी लिहिलेल्या असतात.

वाचायचं कसं

इथे जरा थांबतो, कारण नव्या मुलांची सगळ्यात जास्त दमछाक वाचनात होते. कादंबरी वाचतो तसं हे वाचता येत नाही. तासाला पाच पानं झाली तर ती चांगली गती आहे.

१९६३ सालीच 'अ‍ॅनालिसिस' या नियतकालिकात एडमंड गेटिअर यांचा लेख आला. फक्त तीन पानं. त्याआधी ज्ञानाची एक व्याख्या बरेच जण धरून चालत: एखादी गोष्ट खरी असेल, मला ती खरी वाटत असेल आणि तसं वाटायला माझ्याकडे सबळ कारण असेल, तर मला तिचं ज्ञान आहे. गेटिअर एक प्रसंग रचतात. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी आले आहेत. नोकरी जोन्सला मिळणार, असं स्मिथला खात्रीच्या ठिकाणाहून कळलंय. जोन्सच्या खिशातली नाणी त्याने स्वतः मोजली आहेत, ती दहा आहेत. तो अनुमान काढतो, 'ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत.' प्रत्यक्षात नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याला ठाऊक नसताना त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात. त्याचं वाक्य खरं ठरलं, त्याला ते खरं वाटत होतं, कारणही सबळ होतं. पण याला ज्ञान म्हणायचं का?

हा लेख तीनदा वाचा. पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता, नुसतं काय चाललंय ते बघायला. दुसऱ्यांदा समासात विधानांना आकडे द्या, आणि कोणतं विधान कोणत्या विधानावर उभं आहे ते बाणाने दाखवा. इथे एक गोष्ट लक्षात येईल. प्रसंगाच्या आधीच गेटिअर दोन गृहीतं उघडपणे सांगतात: चुकीच्या गोष्टीवर विश्वास ठेवायलाही सबळ कारण असू शकतं, आणि ज्या विधानाला सबळ कारण आहे त्यातून तर्काने निघणाऱ्या विधानालाही ते कारण पुरतं. सगळा लेख या दोन खुंट्यांवर टांगलेला आहे. ज्याला गेटिअर खोडायचा आहे त्याने नाण्यांशी झगडण्यात अर्थ नाही, त्याने खुंटी हलवून बघावी. तिसऱ्या वाचनानंतर पुस्तक मिटा आणि पाच ओळींत सगळं स्वतःच्या शब्दांत लिहा. जिथे हात अडतो, तिथे समजलेलं नाही. परत त्या परिच्छेदाकडे जा.

आता हेच आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तार्किकाकडे बघा. मांस भाजायला कुणी नुकताच अग्नी पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही. वासाने कीटकांचा थवा जमला आहे. लांबून बघणारा त्या थव्यालाच धूर समजतो आणि म्हणतो, 'तिथे अग्नी आहे.' अग्नी खरंच आहे. त्याला ज्ञान झालं का? मी पहिल्यांदा हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा बराच वेळ पुढचं काही वाचू शकलो नाही. बाराशे वर्षांच्या अंतरावर, एकमेकांचं नावही न ऐकलेली दोन माणसं एकाच फटीत बोट घालत होती. पण इथेही घाई नको. 'आमच्याकडे हे आधीच होतं' म्हणून वही मिटली, की अभ्यास संपला. धर्मोत्तर ज्या 'प्रमाणा'बद्दल, म्हणजे खऱ्या ज्ञानाच्या साधनाबद्दल, बोलतो ते आणि गेटिअर ज्या 'सबळ कारणा'बद्दल बोलतात ते, यांत फरक कुठे पडतो, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर एक अख्खं सत्र काढता येईल.

वर्गात आणि चर्चेत

बोला. चुकलात तरी बोला. मात्र बोलण्याआधी मनाला एक सवय लावून घ्या: 'मला हे पटत नाही' म्हणण्यापूर्वी 'तुमचं म्हणणं असं आहे ना?' असं विचारून ते मांडून दाखवा, आणि समोरच्याने 'हो, असंच' म्हटल्यावरच पुढे जा.

ही नुसती सभ्यता नाही. जुन्या शास्त्रग्रंथांची बांधणीच तशी आहे. विषय, त्यावर संशय, मग पूर्वपक्ष, आणि तो पुरता मांडून झाल्यावर सिद्धान्त. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' वेद आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकापासून सुरू होतो, म्हणजे लेखकाला जो सर्वांत दूरचा त्याच्यापासून. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे गेले. आज त्यांच्याविषयी जे कळतं, त्यातलं बरंचसं त्यांच्या विरोधकांनी लिहिलेल्या पूर्वपक्षांतून. एक अख्खं दर्शन विरोधकांच्या वहीत जगलं. तुम्ही एखाद्याचा पूर्वपक्ष कच्चा लिहिता तेव्हा काय जाऊ शकतं, ते यावरून ओळखा.

तेराव्या शतकातले थॉमस अक्वायनसही हेच करतात. 'ईश्वर आहे का?' या प्रश्नाखाली ते आधी विरुद्ध बाजूचे आक्षेप लिहितात. एक, जगात दुःख आणि दुष्टपणा आहे, मग अनंत चांगला ईश्वर कसा असेल? दोन, जगात दिसतं ते सगळं निसर्ग आणि माणसाची इच्छा यांनी समजावता येतं, मग ईश्वर हवा कशाला? आज नास्तिक जे दोन सर्वांत जोरदार मुद्दे मांडतील, ते एका धर्मशास्त्र्याने आधी, आणि काटछाट न करता, मांडून ठेवले आहेत.

पहिला निबंध

माझा पहिला निबंध देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञावर होता. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे वाक्य मी त्यांच्या 'मेडिटेशन्स' या ग्रंथाच्या नावावर टाकलं आणि पुढची सगळी इमारत त्यावर बांधली. शिक्षकांनी समासात एवढंच लिहिलं, 'कोणत्या पानावर?' त्या रात्री मी १६४१ चा तो ग्रंथ पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाचला, कारण ते वाक्य मिळेना. ते तिथे त्या रूपात नाहीच. ते त्यांच्याच १६३७ च्या 'डिस्कोर्स' या ग्रंथात आहे. 'मेडिटेशन्स'मध्ये देकार्त म्हणतात की 'मी आहे' हे विधान मी जेव्हा जेव्हा उच्चारतो किंवा मनात आणतो, तेव्हा तेव्हा ते खरंच असतं. यात 'म्हणून' नाही. आणि 'म्हणून' नसल्यामुळे, हे अनुमान आहे की नाही, हा प्रश्न उभा राहतो. माझ्या निबंधाचा खरा विषय तिथे होता आणि ऐकीव वाक्यामुळे मी त्याच्या शेजारून निघून गेलो होतो.

तेव्हा मूळ ग्रंथ उघडल्याशिवाय एकही वाक्य कुणाच्या नावावर लिहू नका. आयत्या सारांशांवर विसंबू नका, यंत्राकडून लिहून घेतलेल्या तर मुळीच नाही. ग्रंथकाराने कधीच न लिहिलेली वाक्यं त्यांत सहज घुसतात.

संदर्भाचे आकडे नव्या माणसाला गोंधळात टाकतात, म्हणून सांगतो. प्लेटोच्या समासात ५१४-ए असं काही दिसतं. ते तुमच्या प्रतीचं पान नव्हे. १५७८ साली छापलेल्या एका आवृत्तीची पानं आणि त्यांचे भाग आजही सगळीकडे चालतात. गुहेचा प्रसिद्ध दृष्टान्त 'रिपब्लिक'मध्ये ५१४-ए पासून सुरू होतो, मग तुमच्या हातात कोणतंही भाषांतर असो. अ‍ॅरिस्टॉटलसाठी १८३१ च्या बर्लिनच्या आवृत्तीचे आकडे असतात. कांटच्या 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'मधला 'ए' म्हणजे १७८१ ची पहिली आवृत्ती आणि 'बी' म्हणजे १७८७ ची दुसरी. ऋग्वेदासाठी मंडल, सूक्त, ऋचा. गीतेसाठी अध्याय आणि श्लोक. पानाचा आकडा देण्याऐवजी हे द्या, म्हणजे तपासणाऱ्याला त्याच्या प्रतीत जागा सापडते.

निबंधाची सुरुवात 'अनादी काळापासून मानवाला प्रश्न पडत आला आहे' अशी करू नका. पहिल्याच परिच्छेदात तुम्ही काय म्हणणार आहात ते सांगा. मग पूर्वपक्ष, ताकदीचा. मग तुमचं उत्तर. मग तुमच्या उत्तरावर येऊ शकेल असा एक खरा आक्षेप, आणि त्याला तुम्ही कुठवर तोंड देऊ शकता ते. दीड हजार शब्दांत एक मुद्दा नीट मांडून होतो. तीन मांडायला गेलात तर एकही होत नाही.

ग्रंथाबाहेर

धर्माभ्यासात ग्रंथ हा विषयाचा एक भाग आहे. स्मार्ट यांनी धर्माच्या सात बाजू सांगितल्या: विधी, कथा, अनुभव, सिद्धान्त, नीती, समाज आणि वस्तू-वास्तू. यातली शेवटची त्यांनी नंतर जोडली. यादी पाठ करण्यात हशील नाही. ती हातात घेऊन एखाद्या प्रार्थनास्थळी परवानगीने तासभर बसा. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे फक्त दिसलं ते, उजवीकडे तुम्हाला वाटलं ते. 'बाई तीनदा वाकल्या, जमिनीला हात लावला, मग तो हात कपाळाला नेला' हे डावीकडे. 'श्रद्धेने नमस्कार केला' हे उजवीकडे, कारण श्रद्धा तुम्हाला दिसलेली नाही. त्या बाईंना नंतर विचारलं तर कदाचित वेगळंच काही सांगतील. सवय असेल, नवस असेल, किंवा गेलेल्या आईची आठवण असेल. मुलाखती घ्यायच्या असतील तर विभागाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या, समोरच्याची संमती घ्या, आणि लिहिताना नावं बदला.

इथे एक जुना वाद तुमच्या वाट्याला येईल. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५९ मध्ये एक कसोटी ठेवली: एखाद्या धर्माविषयीचं विधान त्या धर्माच्या माणसांनाही मान्य करता यायला हवं. ब्रूस लिंकन यांनी १९९६ मध्ये उलट बाजू मांडली. कोण बोलतंय, कुणासाठी बोलतंय, त्यात कुणाचा फायदा आहे, हे अभ्यासकाने विचारलंच पाहिजे, मग श्रद्धाळूंना आवडो न आवडो. मला दोन्ही हवेत, पण याच क्रमाने. आधी असं वर्णन करा की त्या माणसाला स्वतःची ओळख पटेल. मग प्रश्न विचारा. क्रम उलटला की चिकित्सेला पूर्वपक्षच उरत नाही.

आणि आपल्या श्रद्धेचं काय?

हे कुणी मोठ्याने विचारत नाही, पण जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतं. लहानपणापासून जो ग्रंथ हात जोडून ऐकला, त्याचे थर कधी कसे रचले गेले याची चर्चा वर्गात सुरू झाली की पोटात कालवतं. उलटही होतं. धर्म म्हणजे अंधश्रद्धा असं ठरवून आलेला विद्यार्थी एखाद्या संताच्या किंवा सूफीच्या ओळीशी अडखळतो आणि त्याला आपलंच ठरवणं उथळ वाटू लागतं. दोघांनाही मी एकच सांगतो: पहिल्या वर्षी काहीही कायमचं ठरवू नका. वर्गात जे ऐकलं त्यावरून घरच्यांशी त्याच आठवड्यात भांडू नका. ते तुमचे वाचक नाहीत, त्यांनी तो लेख वाचलेला नाही. आणि एखादा आठवडा फार जड गेला तर शिक्षकांशी बोला. बहुतेकांनी तो आठवडा स्वतः काढलेला असतो. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे जा. प्रश्न तात्त्विक आहे म्हणून त्रास खरा नाही, असं नसतं.

पुढे काय

अध्यापन आणि संशोधन हा सरळ रस्ता आहे, पण तो लांब आहे आणि जागा थोड्या असतात, हे आधीच माहीत असावं. कायदा, पत्रकारिता, प्रकाशन, भाषांतर, प्रशासन, समाजकार्य, रुग्णालयांच्या नैतिकता समित्या, या ठिकाणी आमच्या विषयाची माणसं दिसतात. तिथे पदवीच्या नावापेक्षा गुंतागुंतीचा मजकूर नीट वाचता येणं आणि दोन्ही बाजू मांडता येणं कामी येतं. जोडीला एक भाषा किंवा एखादं व्यावहारिक कौशल्य पदवी चालू असतानाच कमवा.

शेवटच्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडताना मुलं 'पुनर्जन्म: एक चिंतन' असं काहीतरी घेऊन येतात. ते लहान करत न्या. पुनर्जन्म नको, बौद्ध परंपरेतला पुनर्जन्म घ्या. तोही मोठा आहे, तेव्हा एकच ग्रंथ, 'मिलिंदपञ्ह', राजा मिलिंद आणि बौद्ध भिक्षू नागसेन यांच्या संवादाचा पाली ग्रंथ. तोही मोठा, तेव्हा त्यातला एकच दृष्टान्त. राजा मिलिंद विचारतो, जो जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर तेवणारा दिवा घे, पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग दिवे वेगळे का? तेही नाही. आता तुमचा प्रश्न असा होईल: दिव्याच्या या दृष्टान्ताने राजाच्या शंकेचं उत्तर खरंच मिळतं का, की शंका नुसती दिव्यावर सरकते? एका पानावर हा प्रश्न लिहा, त्याखाली नागसेनाची बाजू, त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत, आणि ते पान घेऊन मार्गदर्शकांकडे जा.